खाडाखोडीतून उमटलेल्या बायका

१९३४ साली ‘सिनगाजॉंग’ नावाच्या कोरियन मासिकात एक दीर्घकथा क्रमशः छापून येत होती. कथेचं नाव ‘मीठ’, लेखिका कांग क्यॉंग-ए. कथेतल्या बाईला स्वतःचं नाव नाही. सगळे तिला मुलीच्या नावानं ‘बोंग्यॉमची आई’ म्हणून ओळखतात. पोटासाठी कोरिया सोडून मांचुरियातल्या कांदो भागात आलेलं हे कुटुंब. तिथे नवरा मारला जातो, मुलाला मृत्युदंड होतो, ती दुसऱ्याच्या बाळाला दूध पाजायच्या नोकरीवर असताना तिच्या मुली तापानं दगावतात. उरलेली ही एकटी बाई मग रात्री नदी ओलांडून कोरियातून चोरून मीठ आणायला लागते, कारण नदीच्या या बाजूला मीठ परवडत नाही. मिठावर सरकारचा हात पडला की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. डोक्यावरचं ओझं एकदाचं घरात उतरतं आणि दारात पोलीस उभे राहतात.

पुढे काय झालं, ते त्या वेळच्या वाचकांना कळलंच नाही. अंक छापून झाल्यावर शेवटच्या ओळींवर ब्रशनं काळी शाई फिरवण्यात आली होती.

जवळजवळ सत्तर वर्षं तो परिच्छेद तसाच काळा राहिला. मग एका कोरियन संशोधकाच्या मनात आलं, की छपाईची शाई वेगळी आणि ब्रशची शाई वेगळी, तेव्हा दोन थर निरनिराळे का वाचता येऊ नयेत? त्यानं मदत घेतली ती गुन्ह्यांच्या तपासात बनावट दस्तऐवज तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेची, आणि बराचसा मजकूर पुन्हा डोळ्यांसमोर आला. त्या ओळींत बोंग्यॉमची आई विचार करू लागली होती. मीठ आणताना डोंगरात वाट अडवून आपल्याशी बोललेले बंडखोर खरं तर आपल्याच बाजूचे होते, हे तिला उमगत होतं. तिचे हाल, तिची मेलेली मुलं, तिची उपासमार हे सगळं मासिकात छापलेलं चाललं. तिनं त्या हालांचं कारण शोधलं, तेवढं मात्र सरकारला चाललं नाही.

मला सर्वात नवल वाटतं ते यापुढच्या गोष्टीचं. शाई फासणाऱ्या हातानंच दाखवून ठेवलं होतं, की महत्त्वाचं इथे आहे, इथे शोधा. जपानी राजवटीतल्या कोरियन स्त्रियांवर गेल्या काही दशकांत ज्या ऐतिहासिक कादंबऱ्या आल्या, त्या वाचताना हाच प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. या बायकांनी स्वतःबद्दल फार थोडं लिहून ठेवलं. त्यांच्याबद्दल भरभरून लिहिलं ते त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांनी, त्यांना विकणाऱ्यांनी आणि कामाला जुंपणाऱ्यांनी. कादंबरीकारांनी नेमके तेच कागद उलट्या बाजूनं वाचले.

गिऱ्हाइकांसाठी छापलेलं पुस्तक

आधी थोडा काळाचा अंदाज घेऊ. ऑगस्ट १९१० मध्ये जपाननं कोरिया गिळंकृत केला आणि १५ ऑगस्ट १९४५ ला दुसऱ्या महायुद्धातल्या शरणागतीबरोबर तो सोडला. कोरियाचा मुक्तिदिन आणि आपला स्वातंत्र्यदिन एकाच तारखेला येतात, त्यांचा दोन वर्षं आधीचा. या ३५ वर्षांतला सर्वात मोठा उठाव १ मार्च १९१९ चा. सोलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. त्यावर ३३ प्रतिनिधींची नावं होती, आणि त्यांत एकही स्त्री नव्हती.

रस्त्यावरचं चित्र मात्र वेगळं होतं. यु ग्वान-सुन ही इव्हा शाळेतली विद्यार्थिनी आपल्या गावाकडे गेली आणि १ एप्रिलला आउने बाजारात तिनं निदर्शनं उभी केली. तिचे आईवडील तिथेच गोळीबारात गेले. ती स्वतः १९२० च्या सप्टेंबरमध्ये सोलच्या सॉदेमुन तुरुंगात मरण पावली, वयाची १८ वर्षंही पुरी झाली नव्हती. आज तिचा जो चेहरा कोरियातल्या पोराटोरांना माहीत आहे, तो आला कुठून? पोलिसांच्या पाळतीच्या कार्डावरून. समोरून एक फोटो, बाजूनं एक फोटो, मारानं सुजलेले गाल. अशी सहा हजारांहून अधिक कार्डं आज शिल्लक आहेत. पोलिसांनी ती केली होती माणसं पुन्हा पकडता यावीत म्हणून.

याहून चमत्कारिक गोष्ट सुवॉन शहरातल्या किसेंगांची. किसेंग म्हणजे गाणं, नाच, काव्य यांत तयार झालेल्या कलावंतिणी. नव्या राजवटीनं त्यांना परवान्याच्या आणि सक्तीच्या शारीरिक तपासणीच्या जाळ्यात ओढलं. २९ मार्च १९१९ ला सुवॉनच्या किसेंग अशाच तपासणीसाठी इस्पितळाकडे निघाल्या आणि वाटेत त्यांनी स्वातंत्र्याच्या घोषणा द्यायला सुरुवात केली. त्यांच्या पुढे होती किम ह्यांग-ह्वा. तिला अटक झाली, शिक्षा झाली. पण ती दिसायची कशी, काय गायची, हे आज आपल्याला सांगता येतं, कारण १९१८ साली देशभरातल्या सहाशेहून अधिक किसेंगांची फोटोंसह ओळख करून देणारं एक जाडजूड पुस्तक छापलं गेलं होतं. पुस्तक शौकिनांसाठी होतं. त्यात किम ह्यांग-ह्वाचं पान आहे. वर्षभरानं तीच बाई पोलिसांच्या दप्तरात गेली, आणि शंभर वर्षांनंतर शौकिनांच्या त्या पुस्तकाच्या आधारानं संशोधकांना एका स्वातंत्र्यसैनिकेचा चेहरा मिळाला.

ज्युहे किम या लेखिकेची ‘बीस्ट्स ऑफ अ लिटल लँड’ (२०२१) ही कादंबरी याच जगातली आहे. जेड नावाच्या गरीब घरातल्या मुलीला प्याँगयाँगमधल्या कलावंतिणींच्या घरात धाडलं जातं, आणि तिच्याबरोबर आपण पुढच्या अर्ध्या शतकाची वाट चालतो. किसेंग देशभक्त होत्या असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. ही कादंबरी तिथे थांबत नाही. पैसा, वय, मत्सर, मैत्री, कोणाच्या आश्रयानं जगायचं याची रोजची काळजी, या सगळ्यातून जाणाऱ्या बाईच्या आयुष्यात राजकारण कोणत्या दारानं येतं, ते ती दाखवते.

दोन फोटो, तिघी-तिघी

आता एक विलक्षण योगायोग. अलीकडच्या दोन गाजलेल्या कोरियन कादंबऱ्या दोन वेगवेगळ्या जुन्या फोटोंतून जन्मल्या, आणि दोन्ही फोटोंत तीन-तीन तरुणी आहेत.

पहिला फोटो १९२० च्या दशकातला. सोलमधल्या ओढ्याच्या पाण्यात पाय सोडून तिघी मजेत बसल्यात. तिघींचे केस आखूड. त्या काळी बाईनं केस कापले की ती बातमी होत असे, त्यावर मासिकांत वाद झडत. या तिघी म्हणजे जू से-जुक, हॉ जॉंग-सुक आणि को म्यॉंग-जा, तिघीही साम्यवादी चळवळीतल्या. पत्रकार आणि लेखिका जो सॉन-ही हिनं हा फोटो पाहिला आणि त्यावरून ‘से यॉजा’ म्हणजे ‘तिघी’ ही दोन खंडांची कादंबरी लिहिली. काम सुरू केल्यापासून २०१७ साली पुस्तक येईपर्यंत १२ वर्षं गेली. तिघींची आयुष्यं शोधताना तिला अर्धा आशिया पालथा घालावा लागला असेल, असं वाचताना वाटत राहतं. हॉ जॉंग-सुक चीनमधल्या येनानला जाऊन पुढे उत्तर कोरियात मंत्री झाली आणि १९९१ पर्यंत जगली. जू से-जुकला स्टालिनच्या राजवटीनं कझाकस्तानात हद्दपार केलं. जिला क्रांतीचं माहेरघर मानलं, त्याच भूमीनं तिला संशयित ठरवलं. तिचा पहिला नवरा उत्तर कोरियात देहदंडाला गेला. तिची मुलगी मॉस्कोत नर्तकी झाली. को म्यॉंग-जा मागे राहिली, आणि तिचा माग १९५० च्या युद्धाच्या धुरळ्यात हरवतो. पाण्यात पाय सोडून बसलेल्या त्या दुपारी यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. सगळं ठाऊक असलेला वाचक तो फोटो पाहतो, तेव्हा हसरे चेहरेच अंगावर येतात.

दुसरा फोटो हवाईला निघालेल्या तिघींचा. १९०३ ते १९०५ या काळात सात हजारांवर कोरियन माणसं हवाईच्या उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली होती, बहुतेक सडी. मग लग्नं जुळू लागली ती फोटोंवरून. मध्यस्थ मुलीच्या घरी फोटो आणायचा. फोटोतला माणूस तरणाबांड, अंगात उसना सूट, कधी मागे दुसऱ्याचीच मोटार. बोटीतून उतरल्यावर धक्क्यावर भेटायचा तो उन्हानं रापलेला, बापाच्या वयाचा मजूर. १९१० ते १९२४ दरम्यान शेकडो कोरियन मुली अशा गेल्या. देश जपानच्या ताब्यात असल्यामुळे त्यांना पासपोर्टही जपानचाच घ्यावा लागे. १९२४ च्या अमेरिकन कायद्यानं ही वाट बंद झाली.

ली गुम-यी या लेखिकेनं त्या फोटोवरून ‘अलोहा, माझ्या आयांनो’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. ती २०२० साली आली आणि इंग्रजीत ‘द पिक्चर ब्राइड’ नावानं पोचली. तिच्यातल्या बॉदल या मुलीला लग्नापेक्षा ओढ आहे ती शाळेची. तिकडे गेल्यावर शिकायला मिळेल, असं मध्यस्थीण सांगते, आणि एवढ्या आशेवर ती समुद्र ओलांडते. शाळा मिळत नाही. मिळतं ते दुसऱ्यांचे कपडे धुणं, आणि त्यातून वाचवलेल्या पैशांतून स्वातंत्र्यचळवळीला वर्गणी. हे कादंबरीतलं सजवलेलं चित्र समजू नका. हवाईतल्या कोरियन बायकांनी १९१९ साली खरोखरच मदतसंस्था काढली होती, आणि मळ्यातल्या मजुरीतून पैसे जमवून त्या ते पाठवत होत्या. पुढे त्याच चळवळीतले नेते आपसांत भांडले, तेव्हा त्या भांडणाची झळ या बायकांच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. ती कशी, हे कादंबरी फार बारकाईनं सांगते.

छपरावर चढलेली बाई

१९३१ चा मे महिना. प्याँगयाँगमधल्या एका रबर कारखान्यात मजुरी कापण्याचा हुकूम निघाला. रबरी बूट करणाऱ्या त्या कारखान्यात बहुतेक कामगार बायका. ४९ जणींनी संप केला, उपोषणाला बसल्या, आणि पोलिसांनी त्यांना रात्री बाहेर हुसकून काढलं. त्यांच्यात कांग जु-र्योंग होती, तिशीतली विधवा.

त्या रात्री तिनं सुती कापडाचा एक तुकडा विकत घेतला. झाडाला गळफास लावून मरायचं, म्हणजे कारखान्याचा अन्याय जगाला कळेल, असा तिचा बेत होता. पण मग तिच्या मनात आलं, की सकाळी लोक काय म्हणतील? तरणी विधवा होती, काहीतरी भानगड झाली असेल, लाजेनं जीव दिला असेल. मेल्यावरही आपलं म्हणणं आपल्या तोंडून कोणी ऐकणार नाही, हे लक्षात आल्यावर तिनं बेत बदलला. त्याच कापडाच्या टोकाला दगड बांधून तिनं तो उल्मिल्दे नावाच्या जुन्या मनोऱ्यावजा मंडपाच्या छपरावरून पलीकडे टाकला आणि कापडाला धरून ती वर चढली. सकाळी फिरायला आलेल्या लोकांनी पाहिलं, की कौलांवर एक बाई बसली आहे आणि भाषण करते आहे. तिचा मुद्दा हिशेबाचा होता. आम्हा ४९ जणींची मजुरी कापू दिली, तर उद्या शहरातल्या सगळ्या रबर कामगारांची कापली जाईल. ते संख्येनं २,३०० आहेत.

आठ-नऊ तासांनी पोलिसांनी तिला खाली ओढलं. तुरुंगात तिनं अन्न सोडलं. कंपनीला कपात मागे घ्यावी लागली, पण तिला कामावर परत घेतलं नाही. तब्येत ढासळली, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये प्याँगयाँगच्या गरीब वस्तीत ती गेली.

त्या रात्रीचं हे सगळं आपल्याला माहीत आहे ते एका मासिकाच्या वार्ताहरानं १९३१ च्या जुलैमध्ये छापलेल्या मुलाखतीमुळे. शिवाय ती छपरावर बसलेली असतानाचा एक धूसर फोटो आहे. बस्स. एवढ्या ऐवजावर पार्क सॉ-र्यॉन या तरुण लेखिकेनं कादंबरी लिहिली आणि २०१८ साली तिला हांग्योरे साहित्य पुरस्कार मिळाला. मुलाखतीत कांग जु-र्योंगनं आपल्या लग्नाबद्दल चार-दोन वाक्यं सांगितली होती: नवरा पाच वर्षांनी लहान, दोघंही मांचुरियातल्या स्वातंत्र्यसैनिकांत सामील झाली, तो आजारानं गेला, आणि सासरच्यांनी नवऱ्याला मारल्याचा आळ तिच्यावर घातला. लेखिकेनं त्या चार-दोन वाक्यांत शिरून जवळजवळ अर्धी कादंबरी उभी केली. छपरावर चढायचं धाडस त्या रात्री अचानक आलं नव्हतं, ते आधीच्या दहा वर्षांत कसं साठत गेलं, हे तिला दाखवायचं होतं. मुलाखतीतली बाई हुतात्मा वाटते. कादंबरीतली बाई मात्र नवऱ्याच्या प्रेमात पडते, चिडते, मैत्रिणींशी थट्टा करते, आणि नव्या फॅशनचे कपडे पाहून तिलाही मोह होतो.

कोरियात अन्यायाविरुद्ध उंचावर चढून बसण्याची रीत पुढेही चालू राहिली. २०११ साली किम जिन-सुक ही वेल्डर कामगार-कार्यकर्ती बुसानच्या यॉंगदो बेटावरच्या जहाजकारखान्यात क्रेनवर चढली, ती ३०९ दिवसांनी खाली उतरली.

श्वास आणि भाव

जेजू हे कोरियाच्या दक्षिणेचं ज्वालामुखीचं बेट. तिथल्या हेन्यो, म्हणजे समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका, नळकांडं किंवा हवेची टाकी न वापरता खोल पाण्यात जातात. दहा मीटरपर्यंत बुडी, मिनिटभर किंवा त्याहून जास्त कोंडलेला श्वास, आणि वर आल्यावर तो सोडताना निघणारी शिट्टी. २०१६ साली युनेस्कोनं या परंपरेला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. पर्यटकांना शिट्टी ऐकवली जाते. १९३२ चा जानेवारी फारसा कोणी ऐकवत नाही.

त्या वेळी या बायकांच्या संघटनेचं प्रमुखपद बेटावरच्या जपानी अधिकाऱ्याकडे होतं. समुद्रशेवाळ आणि शंखमांस कोणाला विकायचं, कोणत्या भावानं, हे तो ठरवी. मालाचा भाव आधी एक ठरे आणि हातात दुसराच पडे. काही शेवाळांपासून आयोडीन काढलं जाई, आगर बने. मोठ्या व्यापाराचा तो कच्चा माल होता. गावात रात्रशाळेत शिकलेल्या मुलींना वजनं-मापं आणि हिशेब कळू लागले होते. बू चुन-ह्वा, किम ओक-र्यॉन आणि बू दॉक-र्यांग या तिघी त्याच शाळेतून पुढे आलेल्या. १२ जानेवारीला सेह्वाच्या बाजाराच्या दिवशी शेकडो बायकांनी पांढऱ्या कामाच्या कपड्यांत, हातात खुरपी आणि शंख सोडवायच्या लोखंडी पट्ट्या घेऊन बेटाच्या प्रमुखाची मोटार अडवली. त्यानं मागण्या मान्य केल्याचं सांगितलं, आणि मग अटकसत्र सुरू झालं. त्या काळातल्या लहानमोठ्या सगळ्या निदर्शनांत मिळून १७,००० च्या आसपास सहभाग झाला, असं इतिहासकार नोंदवतात. वसाहतकाळातली स्त्रियांनी उभी केलेली ही सर्वात मोठी चळवळ मानली जाते.

लिसा सी हिची ‘द आयलंड ऑफ सी विमेन’ (२०१९) ही कादंबरी जेजूवरच्या दोन मैत्रिणींची आहे. यंग-सूक ही हेन्यो प्रमुखाची मुलगी, आणि मी-जा ही जपान्यांची चाकरी केलेल्या बापाची. तिच्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. कड्याला चिकटलेला ॲबलोनी नावाचा शंख सोडवायला लोखंडी पट्टी घालावी लागते, आणि पट्टी मनगटाला दोरीनं बांधलेली असते. पट्टी घालताना शंख सावध झाला तर तो खडकाला असा आवळून बसतो, की पट्टी आत अडकते आणि बाई खाली बांधली जाते. यंग-सूकची आई, सगळ्यांत अनुभवी, अशीच जाते. समुद्र कोणाची बाजू घेत नाही, हे दाखवून दिल्यावर मग लेखिका माणसांकडे वळते, आणि बाजू घेणं किती महागात पडतं ते सांगते. मी-जाच्या बापानं जे केलं, त्याचं ओझं मी-जा आयुष्यभर वाहते. शत्रू बाहेरचा असतो तोवर गोष्ट सरळ असते. तो शेजारच्या घरात, मैत्रिणीच्या माहेरी असतो, तेव्हा कादंबरी सुरू होते.

भाताच्या दोन वाट्या

मिन जिन ली हिची ‘पाचिंको’ (२०१७) मालिकेमुळे घराघरांत पोचली. तिची नायिका सुंजा वाढते ती बुसानच्या यॉंगदो बेटावरच, जिथे पुढे २०११ मध्ये किम जिन-सुक क्रेनवर चढली. सुंजाच्या लग्नाच्या वेळी तिची आई तांदूळवाल्याकडे जाते आणि थोडासा पांढरा तांदूळ मागते. दुकानदार कचरतो. चांगला तांदूळ जपानी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवायचा असतो. आई हट्ट करत नाही, नुसती सांगते की मुलगी लांब चालली आहे. तो थोडा देतो. सासरी जाणाऱ्या मुलीच्या ताटात आपल्याच मातीत पिकलेला भात वाढायला आईला अशी विनवणी करावी लागते.

या एका प्रसंगामागे एक अख्खं धोरण उभं आहे. जपानमध्ये १९१८ साली तांदळाच्या भावावरून दंगली उसळल्या. त्यावर उपाय म्हणून १९२० पासून कोरियात तांदळाचं उत्पादन वाढवण्याची योजना आली. कालवे झाले, उत्पादनही वाढलं, पण वाढलेल्या तांदळाहून जास्त तांदूळ बोटींवर चढला. कोरियन माणसाच्या पानातला भात कमी झाला आणि त्याची जागा मांचुरियाहून आलेल्या भरडधान्यानं घेतली. आकड्यांचे तक्ते हे सांगतात, पण विनवणी सांगत नाहीत.

लीला ही कादंबरी लिहायला तीस वर्षांच्या आसपास लागली. महाविद्यालयात असताना एका व्याख्यानात तिनं जपानमधल्या एका कोरियन वंशाच्या मुलाच्या आत्महत्येची हकिकत ऐकली होती. पुढे तिनं एक हस्तलिखित तयारही केलं. २००७ पासून ती चार वर्षं टोकियोत राहिली आणि जपानमधल्या कोरियन कुटुंबांशी बोलू लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण लिहिलेलं चुकीचं आहे. त्या लोकांच्या मनात आपण दयनीय आहोत अशी भावनाच नव्हती. तिनं ते हस्तलिखित बाजूला ठेवलं आणि नव्यानं लिहिलं. सुंजा ओसाकाच्या इकाइनो वस्तीत किमची विकायला बसते, सावकाराचं देणं फेडायला महागडं घड्याळ विकताना पहिल्या भावावर राजी होत नाही, हे सगळं त्या दुसऱ्या लेखनातलं बळ.

लिंडा सू पार्क हिची मुलांसाठीची कादंबरी ‘व्हेन माय नेम वॉज केओको’ (२००२) हीसुद्धा घरातूनच सुरू होते. १९४० साली कोरियन कुटुंबांना जपानी पद्धतीची नावं नोंदवायला लावलं गेलं आणि सहा महिन्यांत बहुतेकांनी ती नोंदवली. तोवर कोरियन बाई लग्नानंतरही माहेरचं कुळनाव ठेवत असे. नव्या नोंदवहीत सासू, सून, मुलगी सगळ्या एकाच घरनावाखाली आल्या. नावाची सक्ती सगळ्यांवर होती, पण बायकांचं माहेर तिच्यात नोंदीतून पुसलं गेलं.

जिथे कल्पना थांबते

आतापर्यंतच्या कादंबऱ्यांनी रिकाम्या जागा भरल्या. एका कादंबरीनं त्या भरायला नकार दिला.

युद्धकाळात जपानी सैन्याच्या छावण्यांत लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या कोरियन मुली परत आल्यावर जवळजवळ अर्धं शतक बोलल्या नाहीत. १४ ऑगस्ट १९९१ ला किम हाक-सुन या वृद्ध बाईनं स्वतःच्या नावानिशी जाहीर साक्ष दिली. त्यानंतर इतरजणी बोलल्या, आणि १९९२ पासून सोलमधल्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शनं होऊ लागली. त्या साक्षींवर अनेक कादंबऱ्या आल्या. मेरी लिन ब्राख्टच्या ‘व्हाइट क्रिसँथेमम’मध्ये (२०१८) तर जेजूवरची एक हेन्यो मुलगीच उचलून नेली जाते.

किम सूम हिनं २०१६ च्या ‘हान म्यॉंग’ (म्हणजे ‘एक जण’) या कादंबरीत वेगळीच वाट धरली. नोंद झालेल्या साक्षीदारांपैकी आता एकच जिवंत उरली आहे, अशा काळात ती घडते. नायिका मात्र नोंद न झालेली, कधीच न बोललेली अशी एक म्हातारी आहे. ती पाडायला काढलेल्या वस्तीतल्या एका घरात राहते आणि टीव्हीवर त्या शेवटच्या एकीबद्दल ऐकते. कादंबरी काल्पनिक आहे, पण तिला तीनशेहून अधिक तळटिपा आहेत. नायिकेच्या आठवणीतलं प्रत्येक क्रौर्य कोणत्या साक्षीतून आलं, हे तिथे नोंदलेलं आहे. कादंबरीला तळटिपा? आधी विचित्र वाटतं. मग कळतं, की ज्या बायकांना आयुष्यभर ‘खोटं सांगता’ असं ऐकावं लागलं, त्यांच्याबद्दल लिहिताना कल्पनेचं एक वाक्यही विरोधकाच्या हातात पुरावा म्हणून पडू शकतं. म्हणून लेखिकेनं कल्पना फक्त न बोललेल्या बाईच्या शांततेपुरती वापरली. हा संयम मला या सगळ्या साहित्यातली सर्वात धीट गोष्ट वाटते.

इतका उशीर का?

प्रश्न पडतो, की राजवट १९४५ साली संपली, मग यातल्या बऱ्याच कादंबऱ्या एकविसाव्या शतकातच का आल्या? उत्तराचा एक भाग फाळणीत आहे. कांग जु-र्योंग किंवा त्या तीन साम्यवादी मैत्रिणी दक्षिण कोरियाच्या लष्करी राजवटीत नाव घेण्याजोग्या नव्हत्या. १९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतर दारं किलकिली झाली, सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले कागद उघडले, आणि २००७ साली कांग जु-र्योंग आणि जू से-जुक यांना सरकारनं मरणोत्तर सन्मान दिले. दुसरा भाग स्त्रियांच्या लाजेत आहे. ती लाज त्यांची नव्हती, त्यांच्यावर लादलेली होती, पण ती उतरायला पिढ्या जाव्या लागल्या.

पार्क क्यॉंग-नी मात्र आधीपासून लिहीत होती. १९६९ ते १९९४ अशी २५ वर्षं तिनं ‘तोजी’, म्हणजे ‘जमीन’ ही महाकादंबरी लिहिली. मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली तरी लेखन थांबलं नाही. १८९७ पासून १९४५ पर्यंतच्या काळातली शेकडो पात्रं, आणि मध्यभागी सॉ-ही. तिचं घर आणि शेती एक नातेवाईक लुबाडतो, ती मांचुरियात जाऊन व्यापारात पैसा करते, गरज पडली तर जपान्यांना देणग्या देऊन संशय टाळते, आणि जमीन परत विकत घेते. सॉ-ही सती-सावित्री नाही आणि वीरांगनाही नाही. तिला जमीन परत हवी आहे, आणि त्यासाठी ती वर्षानुवर्षं हिशेब मांडत राहते. कादंबरी संपते १५ ऑगस्ट १९४५ ला, आणि लेखिकेनं शेवटचं वाक्य लिहिलं तेही १५ ऑगस्टलाच, १९९४ मध्ये.

ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्याला गड, दरबार, तलवार आठवते. या कादंबऱ्यांत गड नाहीत. त्यांत मिठाचा भाव आहे, शेवाळाचं वजन आहे, कापलेल्या मजुरीचा आकडा आहे, दोन वाट्या तांदूळ आहे. साम्राज्य बाईच्या घरात शिरलं ते याच वाटेनं, आणि बायकांनी त्याला पहिल्यांदा ओळखलं तेही इथेच, कारण हिशेब त्याच ठेवत होत्या. सुरुवात करायची तर ‘पाचिंको’पासून करा, ती सहज मिळते. आणि वाचून झाल्यावर आपल्या घरातल्या जुन्या पेटीतल्या शिधापत्रिका, गहाणखतं, मनीऑर्डरच्या पावत्या एकदा काढून पाहा. कोणाच्या नावावर आहेत आणि कोणी जपून ठेवल्यात, हे दोन प्रश्न विचारले की एखादी न लिहिलेली कादंबरी तिथेही सापडेल.